खाडीत बार्ज कापायला आणली आहे, वाडीतली पोरं कामाला चालली आहेत. जाणकारांनी लवकर लिहा

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही गुहागर तालुक्यातले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उद्या पोरांनाच त्रास व्हायचा. गेल्या पौर्णिमेच्या उधाणाला टगने एक जुनी बार्ज (माल वाहायची सपाट बुडाची मोठी होडी) आमच्या खाडीत ओढून आणली. भरती उतरली तशी ती चिखलात बसली, ती बसलीच. तिथेच कापणार म्हणे. मुकादम परवा वाडीत येऊन गेला. रोज नऊशे रुपये आणि दुपारचं जेवण, काम शुक्रवारपासून. आठ पोरांनी नावं दिली. त्यात माझा पुतण्या आहे, वय २२, आयटीआयचा वेल्डर.

मला भीती वाटते ती माझ्या धाकट्या मामामुळे. मामा १९८७ ते १९९६ मुंबईला दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजं तोडतात तिथे, गॅस कटर होता. मग गावी आला, थोडी शेती, थोडी आंब्याची राखण. गेली सहा वर्षं त्याला दम लागतो. अंगणातून पडवीत यायचं तर मध्ये तुळशीपाशी थांबतो. दवाखान्यात दाखवलं, एक्स-रे काढला, टीबीची औषधं चालू केली. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी कोर्स दोनदा झाला. केसपेपरवर व्यवसायाच्या जागी लिहिलंय 'मजूर'. कसली मजुरी, हे कुणी विचारलं नाही. मामानेही सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी ते भंगाराचं काम, त्यात सांगण्यासारखं काय?

मागच्या आठवड्यात बार्जचा विषय निघाला तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. बॉयलरच्या नळांवरचा पांढरा कापूस ते हाताने ओरबाडून काढायचे. थंडीत त्याच्याच चादरी अंथरून झोपायचे. कटिंग करताना पाठीवर तीच चादर, ठिणगी लागत नाही म्हणून.

तो कापूस म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, एवढं मला कळतं. बाकी काही कळत नाही. शुक्रवारच्या आत पोरांना काय सांगू? मुकादमाला काय विचारू? आणि मामाचं आता काही करता येईल का?

---

इंजिनरूम_जुना | सोमवार, रात्री ११:१५

मी रत्नागिरीचा. ३१ वर्षं जहाजावर काढली, ऑइलमन म्हणून चढलो आणि फिटर म्हणून उतरलो.

पुतण्याला 'जाऊ नको' म्हणशील, तो एक थांबेल. बाकीचे सात जातीलच. म्हणून आधी हे शोध की या बार्जमधून काय वाहत होते. वाळू, कोळसा, खनिज असेल तर धोका एक प्रकारचा. डिझेल किंवा फर्नेस ऑइल असेल तर गॅस-फ्री दाखला (टाकीत जळणारा वायू उरलेला नाही असा) हातात पडेपर्यंत त्या बार्जवर काडी ओढायची नाही.

वाळूची असली तरी निर्धास्त राहू नको. बार्ज वरून मोठ्या उघड्या हौदासारखी दिसते, पण तिच्या तळाला आणि दोन्ही कुशींना बंद टाक्या असतात. त्यांची झाकणं वर्षानुवर्षं उघडलेली नसतात. आत लोखंड गंजत असतं. गंज चढायला प्राणवायू लागतो आणि तो टाकीतल्याच हवेतून ओढला जातो. टाकी रिकामी, कोरडी, वास नाही, काही नाही. माणूस शिडीने उतरतो आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याचे हात सुटतात. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आत पाय ठेवायचा नाही. आम्ही जहाजावर तर मीटरवर मोकळ्या हवेइतका आकडा दिसेपर्यंत पंखा लावून थांबायचो, मग दोन तास जावोत की दोन दिवस.

अ‍ॅस्बेस्टॉसचं म्हणशील तर बार्जला बॉयलर बहुधा नसतो, पण स्वतःचं इंजिन असेल तर एक्झॉस्टच्या नळावरचं वेष्टण, फ्लँजमधली गास्केटं, विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) ब्रेकचे लायनर, केबिनच्या भिंतीचे पांढरे तक्ते या सगळ्याकडे संशयाने बघ. जहाजावर अ‍ॅस्बेस्टॉस नव्याने बसवायला पूर्ण बंदी आली ती १ जानेवारी २०११ पासून. तुमची बार्ज त्याच्या आधीची असणार.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी घरीही कधी सांगितली नाही. २००४ साली एक जहाज तोडायला म्हणून गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लावायला गेलो होतो. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत दहा-दहा मीटरचा फरक पडतो, आपल्या रत्नागिरीला अडीच-तीनचा. तिथे उधाणाच्या माथ्यावर जहाज किनाऱ्याकडे तोंड करून सोडतात, इंजिन पूर्ण जोरात. पोटाखाली चिखल लागला तेव्हा पायाखालची प्लेट थरथरली, आणि मग इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली ती मला अजून ऐकू येते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोराच्या शिडीने उतरलो आणि त्याच शिडीने ओडिशाची पोरं वर चढली. त्यातल्या एकाने विचारलं, प्यायचं पाणी कुठल्या टाकीत आहे. मी टाकी दाखवली. कुठल्या नळावर काय गुंडाळलंय, कुठल्या टाकीत गाळ उरलाय, हे मला तोंडपाठ होतं. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बॅग उचलली आणि बसमध्ये बसलो.

तुझ्या मामाचं वाचून आज झोप लागेलसं वाटत नाही.

---

वेंगुर्ल्याचो | मंगळवार, सकाळी ७:०५

माका जहाजातला कळना नाय, पण टाकीचा कळता. आमच्या वाडीत झाला ता सांगतंय. पावसात बोट वर काढून ठेवलेली. नारळी पुनवेआधी मासळीचो खण धुवूक एक झील खाली उतरलो. मासळीचा पानी तळाक कुजान ऱ्हवलेला. तो खाली गेलो तो उठाकच नाय. भाव वरसून बघीत होतो, तेणा मागचो पुढचो इचार न करता उडी मारल्यान. तिसरो निघालो तेका बायकांनी कमरेक मिठी मारून धरल्यानी म्हणान वाचलो. एकाच घरातली दोन मयतां. वास येय होतो म्हणतत, मगे येवचो बंद झालो.

खाली कोण पडलो तर कोणीच उडी मारूची नाय, ह्या पोरांका आधी शिकवा. भाव आसलो तरी.

---

खाडीकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

वेंगुर्लेकर, वाचून अंगावर काटा आला. आमच्या आठांत दोघे सख्खे भाऊ आहेत.

आज मुकादमाला फोन केला. बार्ज आधी वाळूची होती, नंतर दोन वर्षं तिच्यातून 'थोडंफार तेल' नेत होते, असं त्याने स्वतःच सांगितलं. टाकीतल्या हवेचं विचारलं तर म्हणाला, विहिरीत उतरताना कंदील सोडतो तसा सोडू, विझला तर कुणी उतरणार नाही. माणूस वाईट वाटला नाही. त्याला खरोखरच हे पुरेसं वाटतंय.

---

नोझल | मंगळवार, दुपारी २:१०

कंदील सोडू देऊ नका!! आत्ता फोन करा आणि सांगा.

विहिरीत प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, तेवढ्यापुरतं ते बरोबर. तेल वाहिलेल्या टाकीत तेलाची वाफ असते. तिथे कंदील विझत नाही, टाकी उडते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण पेट घेतं ते तेल नव्हे, वाफ आणि हवा यांचं मिश्रण. चार गॅसचा मीटर येतो: प्राणवायू, जळणारा वायू, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड. तो दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाला अशा तीन ठिकाणी धरायचा. वेंगुर्लेकरांनी लिहिलंय तो हायड्रोजन सल्फाईडच असणार. हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं गेला वास.

मी दारूखान्यात सहा वर्षं आणि अलंगला चार वर्षं कटर होतो. आता डोळ्यांमुळे बंद केलं. २०१४ च्या शेवटी जुन्या विक्रांतचं तोडकाम दारूखान्यात सुरू झालं तेव्हा मी जवळच्याच प्लॉटवर होतो. लोक फोटो काढायला यायचे. तिला कापणाऱ्यांचा फोटो काढलेला मी तरी पाहिला नाही.

पोरांना सांगायचं ते माझ्या हातातून गेलेलं आहे म्हणून लिहितो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. दुपारी जेवायला वर येताना टॉर्च (लोखंड कापायचा, गॅसचा) आणि नळी खालीच ठेवली, व्हॉल्व जरासा गळत असला, की तासाभरात तळाला गॅसचं डबकं साठतं. ते डोळ्यांना दिसत नाही. परत येऊन लायटर ओढला की संपलं. म्हणून वर येताना नळी वर घेऊनच यायचं आणि सिलिंडर कायम डेकवर, मोकळ्या हवेत. दुसरं, ऑक्सिजनने अंगावरची धूळ उडवायची नाही. उन्हाळ्यात पोरं शर्टात ऑक्सिजन सोडून गार वाटून घेतात, मीही घेतलाय. कापडात ऑक्सिजन भरून राहतो, एक ठिणगी पडली की शर्ट विझवता येत नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावायचा नाही. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा नळीतून मागे जाऊ न देणारा) आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

आणि प्लेट. कटर मरतो तो ज्वाळेने कमी, लोखंडाखाली जास्त. प्लेट कापत आणली की शेवटची दोन-तीन इंचं उरतात, तेव्हा ती कुठे झुकणार हे फक्त कापणाऱ्याला दिसतं, खाली उभ्या हेल्परला दिसत नाही. आमच्याकडे एकच नियम होता: प्लेटच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कुणी नको आणि ओरडून जबाब आल्याशिवाय शेवटचा काप नाही. विंचचा दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो आणि पाय कापून नेतो. एकाचा गेलेला मी पाहिलाय.

अलंगला कामावर घेण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं आणि हेल्मेट-बूट दिले. ते सगळं पुरेसं होतं असं म्हणत नाही, पण होतं. खाडीतल्या बार्जवर तेवढंही नसतं. लोकांना वाटतं छोटं काम आहे.

---

दाभोळपार | मंगळवार, सायंकाळी ६:४०

सगळं खरं असेल, पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. माझा भाऊ त्या आठ पोरांसारखाच एक आहे, गाव वेगळं. यंदा आंबा गेला, मासळीवर गेला तर बोटीचा वाटा डिझेलमध्येच जातो. नऊशे रुपये रोज आमच्याकडे कोण देतं? तुम्ही दाखला मागा, मीटर मागा म्हणाल, मालक म्हणेल तुमच्या गावात कटकट आहे, बार्ज दुसऱ्या खाडीत नेतो. नेली की पोरं परत घरी. मग त्यांना मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत पाठवायचं का?

---

नोझल | मंगळवार, रात्री ८:००

दाभोळपार, राग कशाला मानू. मी पण याच कारणाने गेलो होतो. काम बंद करा असं इथे कुणी म्हणत नाही. पण त्या आठ जणांपैकी एक मेला तर त्या दिवशी बाकी सातांचा रोजही बंद होतो आणि मालक तेव्हाही दुसऱ्या खाडीत जातोच. मीटर भाड्याने मिळतो. एका प्लेटच्या भंगारात त्याचं महिन्याचं भाडं सुटेल. आठही पोरांनी एकत्र सांगितलं की मीटरशिवाय उतरणार नाही, तर मुकादम दुसरे आठ कटर दोन दिवसांत कुठून आणणार आहे?

---

पिंपळाचं_पान | मंगळवार, रात्री १०:२५

मी चिपळूणला छातीच्या आजारांची डॉक्टर आहे. मामांबद्दल न तपासता निदान सांगणं बरोबर नाही, पण खाडीकाठ, तुम्ही लिहिलेली हकिकत मी दुसऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेली आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्याभोवती हळूहळू व्रण होतात, फुप्फुस कडक होत जातं. त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. काम सुटल्यावरही तो वाढतो. दम लागायला दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर तीस-चाळीस वर्षांनीही होतो. त्यामुळे पेशंट समोर येतो तेव्हा ते काम त्याच्या आठवणीतूनही गेलेलं असतं. आपल्याकडे टीबी इतका आहे की एक्स-रेवर डाग आणि खोकला म्हटलं की आधी तोच विचार येतो, आणि तो करायलाही हवा. पण टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, अ‍ॅस्बेस्टॉसिस खालच्या भागात. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की श्वास घेताना खाली वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज येतो. मामांचे सगळे जुने एक्स-रे घेऊन या. एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री करू. व्रण भरून येत नाहीत, हे आधीच सांगते. पण चुकीची औषधं थांबतील, लस देता येईल, गरज पडली तर घरी ऑक्सिजन लावता येईल. बिडी ओढत असतील तर आजच बंद. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

आणि येताना एका कागदावर लिहून आणा: कुठल्या साली कुठल्या बंदरात, काय कापलं, हाताने काय काढलं. तो कागद मला एक्स-रेइतकाच लागतो.

पोरांसाठी शिशाचं सांगते, ते इथे अजून कुणी लिहिलं नाही. जुन्या जहाजांना गंज धरू नये म्हणून पहिला हात शिशाच्या तांबड्या रंगाचा देत. आपला शेंदूर तोच, शिशाचा. पोलाद वितळतं साधारण १५०० अंशांना, शिसं ३२७ ला. म्हणजे टॉर्च लोखंड कापेपर्यंत त्यावरच्या शिशाचा केव्हाच धूर झालेला असतो आणि कटरचं तोंड त्या धुरात वीतभर अंतरावर असतं. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, पांढरेफटकपणा, मनगटातली ताकद जाणं, चिडचिड. पोटदुखी म्हणून लोक ओवा खात बसतात. कामाला लागण्याआधी रक्तातल्या शिशाची एक तपासणी आणि नंतर दर काही महिन्यांनी एक, एवढ्याने वेळेत कळतं. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चार इंच रंग खरवडून मगच टॉर्च लावायचा. खरवडताना मास्क, आणि खरवड गोणीत भरायची, खाडीत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल धुराला अडवत नाही.

---

सुरंगी | बुधवार, सकाळी ११:०५

डॉक्टरताईंनी कपड्यांचं लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहिते. आमचे हे आठ वर्षं मुंबईला तोडकामात होते. आम्ही शिवडीला राहायचो. रोज संध्याकाळी शर्ट दारात झटकायचे आणि मी बादलीत भिजवायचे. पाणी विटकरी रंगाचं व्हायचं, वर चकाकी. धाकटी तेव्हा रांगत होती, बादलीतल्या पाण्यात हात घालून खेळायची. ती उशिरा बोलायला लागली, शाळेत मागे राहिली. कशामुळे ते देवाला माहीत, मी कुणावर आळ घेत नाही. पण तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी ते कपडे घरात आणू दिले नसते.

पोरांच्या आयांना सांगा. कपडे तिथेच बदला, तिथेच आंघोळ, मग घर.

---

पिंपळाचं_पान | बुधवार, दुपारी १२:३०

सुरंगीताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे आणि ते मी आधी लिहायला हवं होतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि घरापर्यंत ते कपड्यांवरूनच येतं. अ‍ॅस्बेस्टॉसचंही तसंच, नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडलेल्या बायकांची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. कपडे झटकायचे नाहीत, ओलेच गुंडाळायचे. तुम्हाला चालत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मुलीबद्दल बोलू.

---

कोर्टाची_पायरी | बुधवार, रात्री ९:१५

दापोलीत वकिली करतो, कामगारांच्या भरपाईची प्रकरणं चालवतो. उपयोगी पडेल तेवढंच लिहितो.

जहाजतोडणीसाठी भारतात २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या मागे २००९ चा हाँगकाँग करार आहे, जो २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. त्यात जहाजासोबत घातक वस्तूंची यादी असणं बंधनकारक आहे. इंजिनरूम_जुना यांना २००४ साली तोंडपाठ होतं ते आता कागदावर हवं, असाच त्याचा अर्थ. पण हा करार ५०० टनांखालच्या जहाजांना लागत नाही आणि आयुष्यभर आपल्याच देशाच्या पाण्यात फिरलेल्यांनाही लागत नाही. खाडीतल्या बार्ज नेमक्या याच फटीत बसतात. २००६ साली क्लेमेंसो ही फ्रान्सची विमानवाहू नौका अ‍ॅस्बेस्टॉसच्या वादामुळे अलंगच्या वाटेवरून परत फिरली, आपल्या सर्वोच्च न्यायालयातही तो विषय गेला. तुमच्या बार्जसाठी कुणी तेवढं करणार नाही, म्हणून गावातूनच करावं लागेल.

कामगाराचा हक्क मात्र टनेज विचारत नाही. कामावर अपघात झाला तर भरपाई १९२३ च्या कायद्याने मिळत आली आहे, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम चालू आहे त्या मूळ मालकाकडून वसूल करता येते. हिशेब असा: मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्मे, गुणिले वयाचा गुणक. २०२० च्या अधिसूचनेने पगार १५,००० पर्यंत धरतात. २५ वर्षांच्या मुलाचा गुणक २१६.९१, म्हणजे ७,५०० ने गुणून १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. हा आकडा मुकादमाला ऐकवा. मीटरचं भाडं त्याला लगेच स्वस्त वाटेल.

शिशाची विषबाधा आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस हे दोन्ही त्याच कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या परिशिष्टात आहेत. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या उद्योगांना सांगितलं होतं की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद काम सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर जपून ठेवा. न्यायालयाला कळत होतं की हा आजार ४० वर्षं लपून राहतो. मामांच्या हातात आज एक चिठ्ठी जरी असती तरी मी उद्या अर्ज केला असता. हजेरीची वही, पगाराची पावती, गेटपास, युनियनचं कार्ड, पोस्टातून घरी पाठवलेल्या मनिऑर्डरचा तळ, काहीही बघा. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडा.

पोरांना एवढंच सांगा: रोज संध्याकाळी स्वतःच्या मोबाईलमध्ये बार्जसोबत एक फोटो आणि मजुरी रोखीने न घेता खात्यावर. ती त्यांची वही.

परवानगीसाठी मेरीटाईम बोर्ड आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, कामगारांच्या सुरक्षेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तिन्हीकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह एकच पत्र द्या आणि पोच घ्या.

---

मिऱ्यावाली | गुरुवार, सकाळी ८:२०

मी रत्नागिरीजवळच्या मिऱ्याची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज आमच्या बंधाऱ्याला येऊन लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. खिडकीतून दिसायचं. मेलेलं जहाज दारात असलं की काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

तुमच्या खाडीत कालवं काढतात का? जहाजाच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून जुन्या रंगात कथिलाचं विष घालायचे. २००८ पासून जगभर त्यावर बंदी आहे, पण जुन्या थरांत ते असू शकतं. खरवड चिखलात गेली तर आधी शिंपल्यांवर येईल. बायका ओहोटीला त्याच चिखलात बसतात.

---

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री १०:४५

सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी आज काय झालं ते सांगतो.

काल रात्री आठही पोरं आमच्या पडवीत बसली. हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सुरंगीताईंचं वाचताना दोघांच्या आया उठून आत गेल्या. वेंगुर्लेकरांचं वाचलं तेव्हा ते दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. शेवटी थोरला म्हणाला, मी आणि हा एका वेळी बार्जवर नसू.

सकाळी आठही जण एकत्र गेले, मी पण गेलो. मुकादमाला वकीलसाहेबांचा आकडा सांगितला. तो गप्प बसला. मग मालकाला फोन लावला, बराच वेळ बाजूला जाऊन बोलला. अकराला येतो म्हणालेला मीटर चारला आला. ज्याने आणला त्यालाच चालवता येत होता, म्हणून त्यालाही थांबवून घेतलं. डाव्या कुशीतल्या टाकीचं झाकण उघडायला दोन पोरांना अर्धा तास लागला, बोल्ट गंजून एकजीव झालेले. झाकण उचलल्यावर वास काहीही आला नाही. आत वाकून पाहिलं तर तळ कोरडा, स्वच्छ, तांबूस. मी तरी बेधडक उतरलो असतो. मीटर दोरीला बांधून सोडला. हातभर खाली गेला आणि ओरडायला लागला. वर ओढला तेव्हा काट्यासारखा आकडा चढत होता. परत सोडला, तळाला टेकवला, आणि त्या माणसाने मला पडदा दाखवला: प्राणवायू १३.८.

माझा पुतण्या म्हणाला, काका, आज सकाळी पहिलं काम हेच होतं. आत उतरून गाळ बघायचा होता, मलाच सांगितलं होतं.

मुकादमाने टोपी काढली आणि बराच वेळ झाकणाच्या कडेवर बसून राहिला. त्याचे स्वतःचे दोन मेहुणे या कामात आहेत. काम तूर्त थांबलंय. मालक म्हणतो पंखे लावतो, तेलाच्या टाक्यांचा दाखला काढतो. काढेल किंवा बार्ज घेऊन जाईल, सांगता येत नाही. दाभोळपार, तुमच्या गावच्या खाडीत आली तर लगेच कळवा, मीटरवाल्याचा नंबर व्यनि करून ठेवतोय. ग्रामपंचायतीचा ठराव मंगळवारी आहे.

---

इंजिनरूम_जुना | शुक्रवार, रात्री ११:३०

१३.८. वाचून खुर्चीवरून उठलो आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

उरलेल्या टाक्या तशाच उघडू नका. सोमवारी मी येतो. बार्जचा नकाशा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी डेकवर चालत गेलो की कुठे काय असेल ते मला सांगता येईल. खडूने खुणा करून देतो. कुठला नळ, कुठलं वेष्टण, कुठला तक्ता ओला केल्याशिवाय काढायचा नाही, सगळं. पोरांना बरोबर फिरव.

---

खाडीकाठ | शनिवार, रात्री ९:१०

काका, नक्की या. एसटी फाट्यावर थांबते, घ्यायला येतो. रात्री राहायचं इथेच.

ट्रंक उघडली. पावत्या नाहीत. मामीच्या लुगड्यांखाली एक पत्र्याचा डबा निघाला, त्यात १९९१ चा रेल्वेचा पास, मस्जिद ते डॉकयार्ड रोड, आणि एक फोटो. पाच जण जहाजाच्या तुटक्या पंख्यापाशी उभे. मामा डावीकडून दुसरा, खांद्यावर पांढरी चादर. वकीलसाहेब, हे चालेल का बघा.

डॉक्टरताई, कागद लिहायला घेतलाय. मामाला जहाजांची नावं आठवत नाहीत, सगळ्यांची नावं रंगाने खोडलेली असायची म्हणतो. धुराड्याच्या रंगावरून सांगतोय. निळं-पांढरं, मग एक पिवळं, त्यावर तारा. आतापर्यंत चौदा झाली. दर तीन-चार जहाजांनंतर थांबतो, पाणी पितो, मग पुढचं. बुधवारी त्याला घेऊन येतो, सगळे एक्स-रे बरोबर आणतो.